ओल्या नळीचा पारा

वाचकहो, पुढे जी हकीकत मी आपणांसमोर नम्रतापूर्वक मांडणार आहे, ती एका मिठागरावरच्या एका कुटुंबाची, दोन भावांची आणि लाकडी पेटीत बसवलेल्या दोन काचेच्या नळ्यांची आहे. हवा तापत चालली आहे, ऋतूंनी आपली वेळ मोडली आहे, हे आजकाल मोठमोठे विद्वान सांगतात आणि ते खरेच असणार. त्या हवेखाली जे प्रत्यक्ष उभे राहतात त्यांचे काय होते, एवढेच मला सांगावयाचे आहे. माझे शिक्षण अर्ध्यावर राहिले. भाषेत काही उणे आढळल्यास ते माझे समजावे. कथा आपल्या जागी पुरी आहे.

खाडीच्या काठाला, जेथे रस्ता संपून नुसता चिखलाचा बांध उरतो, तेथे ते मिठागर पसरलेले होते. भरतीचे पाणी आधी मोठ्या तळ्यात घ्यावयाचे, तेथून उथळ वाफ्यांत सोडावयाचे आणि उन्हाची वाट पाहावयाची. पाणी आटले की तळाशी मीठ धरते. लांब दांड्याच्या लाकडी फळीने ते ओढून वाफ्याच्या कडेला ढीग लावतात. बायका ते टोपल्यांनी उचलून उंच बांधावर नेतात आणि ताडपत्रीखाली झाकतात. बांधावर चढले तेच मीठ. वाफ्यात राहिलेले मीठ पाऊस येईपर्यंत माणसाचे, पाऊस आला की पुन्हा समुद्राचे.

या मिठागरावर थोरला मुकादम होता. वय पंचेचाळीस, गुडघे साठीचे. खाऱ्या पाण्याने त्याच्या टाचांना पडलेल्या भेगांत करंगळीचे नख जाई. धाकटा भाऊ त्याच्याहून बारा वर्षांनी लहान. सगळ्या टोळीत त्याच्याएवढी फळी कोणी ओढत नसे. थोरली आणि धाकटी या दोघी जावा टोपल्या वाहत. घरी दोन खोल्या आणि अंथरुणाला खिळलेली आई.

आदल्या वर्षी पाऊस तीन आठवडे आधी येऊन धडकला होता. वीस दिवसांचे मीठ एका दुपारीत विरघळले आणि पुढचे चार महिने टोळीतल्या निम्म्या घरांनी एकवेळ जेवून काढले. यंदाही रेडिओवरची बाई रोज सकाळी सांगे, की पाऊस लवकर येण्याची चिन्हे आहेत. वाफे मात्र सोळा भरलेले होते. अशा ऐन घाईच्या दिवसांत ती पेटी मिठागरावर आली.

पेटी घेऊन आलेली बाई कुठल्याशा संशोधन संस्थेतली होती. उन्हाने नाक सोललेले, पायांत रबरी बूट. टोळीने तिचे नाव विचारले नाही. पहिल्याच दिवशी तिला ‘मापवाली’ म्हणू लागले. तिने बांधावर खांब रोवून पेटी बसवली, दार उघडले आणि सर्वांना जवळ बोलावले.

“ही कोरडी नळी. हवा किती तापली ते हिच्यात दिसतं. आणि ही ओली. हिच्या टोकाला कापडाची वात आहे, ती या वाटीतल्या पाण्यात बुडलेली. पाणी उडून जातं तशी नळी गार राहते.”

“माठासारखी,” धाकटा म्हणाला.

“अगदी माठासारखी. आता असं समजा, ही ओली नळी म्हणजे तुमचं अंग. घाम येतो, घाम वाळतो, अंग गार होतं. पण हवा आधीच दमट असेल तर घाम वाळत नाही. आतली आग आतच राहते. मग माणूस कितीही दणकट असो, तो आतून शिजतो.”

टोळीत बोळक्या म्हणून एक म्हातारा होता, दात गेलेला पण जीभ शाबूत असलेला. त्याने धाकट्याच्या दंडावर थाप मारली. “हा शिजायला दोन दिवस लागतील, बाई. सरपण जास्त घाला.”

सगळे हसले. मापवालीही हसली. मग तिने ओल्या नळीवरच्या लाल रेघेवर बोट ठेवले. “अशा दुपारी आता पूर्वीपेक्षा जास्त येतात. पारा इथं पोचला की शिट्टी वाजवायची आणि सगळ्यांनी सावलीत बसायचं. खाली आला की पुन्हा काम.”

“आणि बसल्या बसल्या पाऊस आला तर?” बोळक्याने विचारले.

तिने पेटीचे दार लावले. “त्याचं उत्तर माझ्या पेटीत नाही, बाबा.”

थोरला सातवी पास होता आणि त्याचे अक्षर वळणदार होते, म्हणून पेटीची किल्ली, शिट्टी आणि आकडे लिहिण्याची वही त्याच्याकडे आली. वाटीत घालण्यासाठी मापवालीने शुद्ध पाण्याची बाटली दिली. संपली तर पिण्याचे स्वच्छ पाणी घालावे, असेही ती जाता जाता बोलली. थोरल्याने शिट्टी गळ्यात अडकवली तेव्हा त्याची मान नकळत ताठ झाली. आयुष्यात प्रथमच कोणी शिकलेल्या माणसाने त्याच्या हाती काही सोपवले होते.

बाटली चौथ्या दिवशी संपली. गोडे पाणी टँकरने दिवसाआड येई. त्या दिवशी मिठागरावरच्या पिंपाचा तळ दिसत होता आणि बायका ओठ भिजवण्यापुरते पाणी घेत होत्या. थोरला पेला घेऊन पिंपापाशी उभा राहिला. वाटीत ओतायला त्याचा हात होईना. मग त्याने विचार केला. नळी म्हणजे अंग. अंगावर घाम असतो. त्याने आपला दंड चाटून पाहिला. घाम खारटच असतो! गोडे पाणी घालणे हीच उलट चूक ठरेल, असे त्याच्या मनाने घेतले. त्याने पेला पिंपात रिकामा केला, वाफ्यावर वाकून खारे पाणी घेतले आणि वाटी काठोकाठ भरली. आपली बुद्धी एवढी चालते हे पाहून त्याला मनातल्या मनात स्वतःचे कौतुकही वाटले.

त्या दिवसापासून पारा रोज रेघ ओलांडू लागला. अकरा वाजता शिट्टी, थेट चार वाजता काम. टोळी फाटक्या ताडपत्रीच्या सावलीत बसून वाफ्यांकडे बघत राही. मीठ उन्हात चमचम करी आणि कोणी त्याला हात लावू शकत नसे.

“मुकादम, ही गाडी कुठल्या स्टेशनला चालली आहे?” एकजण विचारी. “दिवसभर शिट्टीच चालू आहे.”

“गाडी नाही रे, कुकर आहे तो,” बोळक्या म्हणे. “अजून दोन शिट्ट्या झाल्या की आपण उतरवायला तयार.”

घरी थोरलीने ताट पुढे आपटले. “नळ्यांशी लगीन लावलंय तुम्ही. सोळातले पाच वाफे तरी उचलून झाले असते एव्हाना. लोक पाण्यावर माझ्याशी बोलत नाहीत.”

धाकटा भावाच्या शब्दाबाहेर नव्हता, पण त्यालाही राहवले नाही. त्याने सदरा वर करून पाठ दाखवली. “दादा, हे बघ. घाम वाळून मिठाचे पट्टे उठलेत अंगावर. आणि तुझी नळी म्हणते घाम वाळत नाही.”

“नळी शिकलेली आहे. तू सातवी नापास.”

“आणि तू पास. म्हणून तर दोघं एकाच चिखलात उभे आहोत.”

दोघे हसले. धाकटी पदराआड हसली. थोरल्याला मात्र त्या रात्री बराच वेळ झोप लागली नाही.

पाच दिवसांनी मापवाली परत आली. तिने वही चाळली, भुवया आकसल्या आणि सरळ पेटी उघडली. वात मेणबत्तीसारखी कडक, पांढरी झाली होती. तिने वाटीत बोट बुडवले आणि जिभेला लावले. टोळी भोवती जमली होती; मिठागर चालवणारा ठेकेदारही छत्री धरून आला होता.

“यात काय घातलंत, मुकादम?”

“पाणी.”

“खारं?”

“घाम खारटच असतो ना, बाई,” थोरला म्हणाला. त्याचा आवाज अजून विश्वासाचा होता. “तुम्हीच म्हणालात, हे अंग समजा.”

मापवालीने बोट पुसले. मग बोळक्याच्या तोंडून फुस्स असा आवाज निघाला आणि सगळी टोळी हसत सुटली. बायकांनी टोपल्या खाली टाकून पोटे धरली. धाकटा तर गुडघ्यांवर हात ठेवून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. मापवाली मात्र हसली नाही.

“चूक माझी आहे. मी नीट समजावून सांगायला हवं होतं,” ती म्हणाली. “खारं पाणी लवकर उडत नाही. म्हणून नळी गारच होत नव्हती. पारा खोटा चढत होता.”

“म्हणजे पाच दिवस माझं काम फुकट बंद होतं?” ठेकेदाराने विचारले. “वा, मुकादम! पाऊस परवडला.”

तिने नवी वात बसवली, दुसरी बाटली दिली, दोन वाती जास्तीच्या ठेवल्या. पारा रेघेच्या दोन घरे खाली येऊन थांबला. टोळी ओरडत वाफ्यांत उतरली. त्या दिवसापासून मुकादमाचे नाव ‘खारा पारा’ पडले. कोणी टोपली घेऊन जाताना स्वतःचा दंड चाटे आणि म्हणे, “थांबा रे, आधी चव बघू द्या.” थोरला ऐकून न ऐकल्यासारखे करी, त्याचे कान मात्र लाल होत.

घरी धाकट्याने त्याची बाजू घेतली. “माझ्या भावानं निदान डोकं चालवलं. त्यांच्यापैकी एकाला तरी सुचलं असतं का?” असे म्हणता म्हणता त्याला पुन्हा हसू फुटले. थोरला जेवण अर्धे टाकून उठला.

पुढचे सहा दिवस पारा रेघेखाली राहिला आणि मिठागर झपाटल्यासारखे चालले. तेरा वाफे रिकामे झाले. तीन उरले. सातव्या दिवशी सकाळपासूनच हवा वेगळी होती. वारा पडला होता. खाडीवर दुधासारखा धुरकट पडदा होता आणि त्यामागे कुठेतरी ढग जमत असल्याचा अंदाज सर्वांनाच येत होता. सदरे अंगाला चिकटले ते सुटेनात. धाकट्याच्या पाठीवर त्या दिवशी मिठाचे पट्टे उठले नाहीत. घाम नुसता ओघळत होता आणि कमरेपाशी धोतराच्या गाठीत साठत होता.

बारा वाजून दहा मिनिटांनी थोरल्याने पेटी उघडली. पारा रेघेच्या दीड घर वर होता.

त्याने शिट्टी ओठांशी नेली. मग वाफ्यांकडे पाहिले. तीस माणसे वाकून काम करत होती. एवढ्यात बांधावरून जाणाऱ्या ठेकेदाराने हाक मारली, “काय मुकादम, पुन्हा चव बिघडली का?”

“नाही, नाही. बघतोय फक्त.”

थोरल्याने शिट्टी खाली सोडली. आधी वात धुवावी, असे त्याला वाटले. त्याने बाटलीतल्या पाण्याने वात स्वच्छ धुतली, पुन्हा बसवली आणि पारा स्थिरावण्याची वाट पाहिली. पाव तास गेला. पारा तेथेच. आपल्या बोटांना मीठ लागलेले असेल. त्याने हात धुतले, पुसले, नवी वात काढून चढवली. आणखी पाव तास. पारा तेथेच. मग त्याने वाटीच घासून काढली, बाटलीतले उरलेले पाणी ओतले, तिसरी वात लावली आणि पेटीसमोर उकिडवा बसला. परीक्षेचा निकाल बघावा तसा तो पाऱ्याकडे बघत होता. या साऱ्या वेळात त्याने मागे वळून पाहिले नाही.

मागून हसण्याचा आवाज आला. धाकटा ढिगावरचे मीठ फळीने ओढून वाफ्याच्या मध्यावर नेत होता.

“अरे, समुद्राला परत करतोस काय सगळं?” बोळक्या ओरडला.

धाकट्याने वर पाहिले नाही. तो ढीग मोडत राहिला, शांतपणे, हात सवयीचे काम करतात तसे. मग थांबला आणि मोठ्याने, स्पष्ट म्हणाला, “आई, दार लाव. झळ येतीये.”

कोणी हसले, कोणी हसता हसता थांबले. धाकटीने डोक्यावरची टोपली टाकली आणि धावली. ती पोचण्याआधी तो गुडघ्यांवर आला आणि पालथा पडला. थोरला बांधावरून उडी मारून गेला. त्याने भावाला उताणे केले तेव्हा हाताला चटका बसला. अंग नव्हतेच ते, चुलीवरून उतरवलेले भांडे होते. डोळे अर्धे उघडे. ओठांना मीठ चिकटलेले.

“पाणी! गोडं पाणी आणा!”

पिंपात दोन तांबे होते. ते त्याच्या डोक्यावर ओतले. मग वाफ्यातलेच पाणी ओंजळींनी ओतू लागले, पण ते पाणीही तापलेले होते. थोरली पदराने वारा घालत होती. मिठाचा टेम्पो रिकामा करून त्यात त्याला निजवला. इस्पितळ चाळीस मिनिटांवर. थोरला भावाचे डोके मांडीवर घेऊन बसला होता आणि धाकटी त्याचे तळपाय चोळत होती. इस्पितळाचे फाटक दिसले तेव्हा तिने चोळणे थांबवले. थोरल्याने तिच्याकडे पाहिले. तिने मान हलवली.

तिसऱ्या दिवशी ठेकेदाराने थोरल्याला कचेरीत बोलावले. टेबलावर छापील कागद होता. पंखा होता, पण ठेकेदाराने तो आपल्या बाजूला वळवलेला होता.

“बस, मुकादम. वाईट झालं. वाघासारखा माणूस.” त्याने कागद पुढे सरकवला. “हे वर पाठवावं लागतं. शिट्टी झाली होती, तुझ्या भावानं ऐकलं नाही. तसंच ना?”

थोरल्याने कागद वाचला.

“तू लिहितोस ना सुरेख. दोन ओळी लिही. तुझी मुकादमी कुठं जात नाही. त्याच्या बायकोलाही कायमचं काम देऊ. घराचा विचार कर.”

थोरल्याने पेन घेतले. टोपण काढले, पुन्हा लावले. मग पेन जागेवर ठेवून म्हणाला, “उद्या लिहितो.”

घरी धाकटी नवऱ्याचे कपडे घेऊन बसली होती. मिठाने कडक झालेला सदरा घडी घातल्यावर मोडत होता, म्हणून ती तो नुसताच मांडीवर धरून होती. थोरला उंबऱ्याशी उभा राहिला. आजवर तो तिच्याशी कामापुरतेच बोलला होता.

“धाकटे, मी पहिल्यांदा पाहिला तेव्हाच पारा वर होता.”

तिने मान वर केली. “कधी पाहिलात?”

“बारा वाजून दहा मिनिटांनी.”

“आणि हे पडले कधी?”

“एकला पाच मिनिटं होती.”

धाकटीला घड्याळ वाचता येत नव्हते. ती बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजू लागली. “खाडीपलीकडच्या गिरणीचा भोंगा बाराला झाला. त्यानंतर मी अकरा खेपा नेल्या, दादा. दर खेपेला त्यांच्या शेजारून गेले. एकदा पाणी मागितलं त्यांनी. म्हटलं, ही टोपली टाकून आणते.” तिचे बोट पेरावरच थांबले. “तुम्ही शिट्टी का नाही वाजवलीत?”

“हसतील म्हणून.”

आतल्या खोलीतून आईचा खोकला ऐकू आला. धाकटीने सदरा बाजूला ठेवला. तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर थोरल्याला सोपे गेले असते.

“मग हे मला एकटीला सांगून काय उपयोग? जिथं हसले, तिथं जाऊन सांगा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मापवाली आली होती. टोळी बांधावर उभी होती. उरलेले तीन वाफे तसेच भरलेले होते आणि आकाश खाली आले होते. थोरल्याने सर्वांसमोर, ठेकेदारासमोर, वेळेसकट सांगितले. वात एकदा धुतली, दोनदा बदलली तेही सांगितले. “शिट्टी वाजली नव्हती,” तो म्हणाला. “माझ्या भावानं न ऐकण्यासारखं काही झालंच नव्हतं.”

बोळक्या पायांकडे बघू लागला. कोणी पुढे येऊन थोरल्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही. मापवालीने त्याचे शब्द आपल्या वहीत उतरवून घेतले.

ठेकेदाराने छत्री मिटली. “ठीक. आजपासून तू मुकादम नाहीस. फळी घे आणि वाफ्यात उतर.”

थोरल्याने गळ्यातली शिट्टी काढली. ती कोणाला द्यावी हे त्याला कळेना. मापवालीने विचारले, “पेटी आता कोण बघेल? आकडे वाचता येणारं कोण आहे?”

“आकडे मला येत नाहीत,” धाकटी म्हणाली. “रेघ दिसते.”

तिने हात पुढे केला.

थोरला धाकट्याच्या वाफ्यात उतरला. फळीच्या दांड्यावर भावाच्या मुठींनी गुळगुळीत झालेल्या दोन जागा होत्या. त्या त्याच्या हातांना रुंद पडल्या. साडेअकरापर्यंत एक वाफा निम्मा झाला. मग शिट्टी वाजली. या वेळी कोणी टर उडवली नाही. फळ्या, टोपल्या जेथल्या तेथे टाकून सगळे सावलीत आले आणि एकमेकांना न भिडता बसले. गोडे पाणी हातोहात फिरले.

बाराच्या सुमारास खाडीच्या तोंडाशी काळे आभाळ उठले. ते सर्वांना दिसत होते. आणखी तासभर मिळता तर एक वाफा हमखास बांधावर चढला असता. एकाने हलकेच टोपली जवळ ओढली. ठेकेदार लांबून ओरडत होता, त्याचे शब्द ऐकू येत नव्हते. थोरल्याच्या मांड्यांतली जुनी सवय जागी झाली. हात जमिनीला टेकून तो अर्धा उठला.

पेटीसमोर उभ्या असलेल्या धाकटीने मान वळवली नाही.

“बसा, दादा. रेघेच्या वर आहे अजून.”

तो बसला. तीस माणसे बसून राहिली. आधी वारा आला, मग खाडीचे पाणी काळवंडले, मग वाफ्यातल्या पांढऱ्या मिठावर मोठमोठे थेंब पडून खळगे उमटू लागले. थोड्या वेळाने पारा उतरला. उतरला तेव्हा तिन्ही वाफ्यांत उचलण्यासारखे काही शिल्लक नव्हते.

वाचकहो, येथे ही कथा पुरी होते. आपण आपला अमूल्य वेळ देऊन ती शेवटपर्यंत वाचलीत, याबद्दल मी आपला अंतःकरणापासून ऋणी आहे. लोक मला ज्या नावाने ओळखतात तेच माझे नाव मी खाली घालीत आहे.

आपला नम्र,
काटेवाला
(मिठागराच्या वजनकाट्यावर)